साबणाची डबी आणि राजगडची रात्र

गडावर जाणाऱ्याने ओझे कमी बाळगावे, हा उपदेश मी आजवर अनेकांना केला आहे. पण २०१८ च्या डिसेंबरात आम्ही बापलेक राजगडास निघालो, तेव्हा चिरंजिवांच्या पिशवीत एक साबणाची डबी निघाली. आत साबण नव्हता. सहा पेन्सिल सेल, चार तारा आणि तीन पायांचा एक काळा किडा होता.

"हे काय?"

"चार्जर, बाबा. मी बनवलाय."

चिरंजीव तेव्हा आठवीत होते. मराठीच्या प्राध्यापकाचा हा मुलगा सहामाहीत मराठीतच काठावर सुटला होता आणि घरात डाग द्यायच्या कथलाचा वास दरवळत होता. त्यामुळे त्या डबीकडे मी सवतीकडे पाहावे तसा पाहत असे. "बाजारात तयार मिळतात की," मी म्हणालो. "ते उघडून बघता येत नाहीत," एवढेच उत्तर आले.

नसरापूर, मार्गासनी करीत आम्ही गुंजवण्यास पोचलो आणि चोरदरवाजाच्या वाटेला लागलो. ही वाट शेवटी शेवटी अशी उभी होते, की प्राध्यापकाला आपले वय कळते. बसता-उठता मुलगा मला डबीचे शास्त्र सांगत होता. प्रत्येक सेल दीड व्होल्टचा, सहांचे नऊ. फोनला हवेत पाच. वरचे चार व्होल्ट तो काळा किडा अडवतो आणि उष्णता करून उडवून देतो; म्हणून त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी आणि डबीला भोके. यूएसबीच्या चार तारांपैकी दोन विजेच्या. उरलेल्या दोन एकमेकींना जोडल्या, की फोन समजतो हा चार्जर आहे. नाहीतर काही फोन वीज घ्यायला कुरकुरतात. "म्हणजे निम्मी वीज वायाच की," मी म्हणालो. तो खाली मान घालून म्हणाला, "हो. पुढच्यात सुधारीन."

पद्मावती माचीवर पोचलो तो ऊन कलले होते. रायगडापूर्वीची ही राजधानी. सईबाईंची समाधी पाहिली, तळ्याकाठी बसलो. तोरण्यामागे सूर्य उतरू लागला आणि मी फोटो काढण्याच्या भरात फोन पार रिकामा केला. मग काय, ज्या डबीची थट्टा केली तिच्याच दाराशी गेलो. तासभर तिने मला वीज दिली. किडा चांगलाच तापला होता.

त्या वेळी पद्मावतीच्या देवळात रात्रीचा मुक्काम करता येत असे. आडवार असल्याने आम्ही दोघेच होतो. भाकरी-पिठले देणारे गुंजवण्याचे एक मामा तेवढे सोबतीला. जेवण झाले, तरी मामा हातातला छोटा फोन उलटसुलट करीत होते.

"गुरुजी, ह्याचा जीव गेलाय बघा. लेकीचं दिस भरल्यात. संध्याकाळी कळा सुरू झाल्या म्हनं, वेल्ह्याला न्यायचं म्हनत होती, आन् बोलता बोलता बंद पडला."

मी माझा फोन दिला. लेकीचा नंबर मामांना पाठ नव्हता. तो त्या मेलेल्या फोनातच होता. अंधारात चोरदरवाजाने उतरणे शक्य नव्हते. चिरंजिवांनी डबी काढली, तार लावली. फोन ढिम्म. मुलाने खिशातला मीटर लावून पाहिला.

"सहांचे मिळून साडेसहाच उरलेत. ह्याला पाचाच्या वर दोनेक तरी जास्त लागतात."

तो माझ्याकडे पाहतही नव्हता. पण ते सेल कोणी संपवले, हे देवळातल्या देवीलाही ठाऊक होते. माझ्या सूर्यास्ताचे ऐंशी फोटो खिशात जड झाले.

मग त्याने दोन्ही विजेऱ्या उघडल्या. प्रत्येकीत तीन सेल. "बाबा, रात्रभर अंधार चालेल ना?" एरवी मी साप, विंचू आणि त्याच्या आईचे नाव घेतले असते. त्या रात्री नुसता "हो" म्हणालो.

नवे सहा सेल बसले. समईच्या उजेडात मामांच्या फोनवर बारीकसा दिवा लागला. अर्ध्या तासाने मामा रेंज मिळेल तिथे, देवळाबाहेरच्या गारठ्यात उभे राहिले. आम्ही दोघे आत, डबी मध्ये ठेवून. बोलायला काही सुचत नव्हते. मी डबीवर हात ठेवला. ती गरम होती.

"वाया गेलेली वीज," तो म्हणाला.

"गारठ्यात बरी आहे," मी म्हणालो.

पहाटे मामा आत आले. वेल्ह्याला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. त्यांनी चहा केला, पैसे घेतले नाहीत, आणि मला सोडून मुलाला नमस्कार केला. तो इतका लाजला, की चहा सांडला.

आज चिरंजीव पुण्याबाहेर शिकायला आहेत. डबी माझ्या टेबलाच्या खणात आहे, सेल काढून ठेवलेले. पुढे त्याने उधळपट्टी न करणारा दुसरा चार्जर केला. तो निश्चितच अधिक चांगला आहे. मराठीत मात्र तो पुढेही काठावरच सुटत राहिला. मी त्यानंतर एकदाही रागावलो नाही.