सिसिली गावचा डॉक्टर

चि. डॉक्टरीणबाईंस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र पावले. बंधपत्राच्या अटीमुळे ज्या गावी तुला रुजू व्हावे लागले तेथील माणसे विक्षिप्त आहेत, आणि मुदत भरताच आपण तेथे एक रात्रही काढणार नाही, असा जो निर्धार तू त्यात जाहीर केला आहेस, तो वाचून तुझी काळजी वाटण्याऐवजी मला जोएल फ्लाइशमन आठवला. हे गृहस्थ म्हणजे ‘नॉर्दर्न एक्सपोजर’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेचे नायक. जोशुआ ब्रँड आणि जॉन फॉल्सी यांनी निर्मिलेली ही मालिका १९९० च्या जुलैत सुरू झाली आणि सहा पर्वे व ११० भाग होऊन १९९५ च्या जुलैत संपली.

जोएल जन्माने यहुदी, वृत्तीने अस्सल न्यूयॉर्कवासी. त्याच्या वैद्यकीय शिक्षणाचा सव्वा लाख डॉलरांचा भार अलास्का सरकारने उचललेला, आणि त्या बदल्यात चार वर्षांच्या चाकरीचा करारनामा त्याने लिहून दिलेला. अँकरेज शहरातील इस्पितळाची स्वप्ने पाहत तो येतो आणि तैनाती होते सिसिली नावाच्या आडरानातल्या वस्तीवर. दवाखाना उघडतो न उघडतो तोच मॅरिलिन नावाची एक आदिवासी स्त्री येऊन खुर्चीवर बसते. आपल्याला मदतनीस नको, असे तो परोपरीने सांगतो, आणि ती हूं की चूं न करता दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर होते. अखेरीस नेमणुकीचा हुकूम कधी निघाला हे कोणालाच कळत नाही, परंतु दवाखाना तिच्यावाचून चालत नाही एवढे मात्र सर्वांना कळून चुकते. (ही भूमिका करणारी इलेन माइल्स निवडचाचणीला गेली होती ती आपल्या आईला घेऊन, निवड झाली लेकीची.)

आता अशा कथेचा पुढला मार्ग तुझ्यामाझ्यासारख्या चार नाटके पाहिलेल्यांना तोंडपाठ असतो: नगरातील उद्धट विद्वानाला भोळे ग्रामस्थ माणुसकीचे धडे देणार, आणि सरतेशेवटी तो डोळे पुसत ‘हेच माझे घर’ म्हणणार. पाच वर्षांच्या बहुतेक काळात या लेखकांनी तो मोह आवरला, हाच मला या मालिकेचा थोर गुण वाटतो. जोएल कुरकुरत राहतो, थंडीला आणि जेवणाला नावे ठेवतो, आणि गाव त्याच्या कुरकुरीला ना भीक घालते ना तिचा राग धरते. किंबहुना जो तो आपल्याच नादात इतका गुंतलेला असतो की, एका माणसाला परत जावेसे वाटते यात कोणाला वावगे काही दिसतच नाही. मॉरिस मिनिफील्ड हा निवृत्त अंतराळवीर, गावचा सावकार म्हणावा असा. त्याच्या मालकीच्या नभोवाणी केंद्रावर तुरुंगवास भोगून आलेला ख्रिस सकाळच्या प्रहरी वॉल्ट व्हिटमन वाचतो. हा ख्रिस एकदा प्रचंड गोफणयंत्र उभारून त्यातून जिवंत गाय भिरकावण्याचा संकल्प सोडतो. पण चित्रपटवेडा तरुण एड जेव्हा त्याला सांगतो की ही कल्पना माँटी पायथनच्या चित्रपटात येऊन गेली आहे, तेव्हा कलावंताचा जीव कासावीस होतो, आणि गायीऐवजी, गावातल्याच मॅगी नावाच्या बाईच्या जळून खाक झालेल्या घरातला पियानो आकाशात उडतो. गाय वाचली ती भूतदयेमुळे नव्हे, नावीन्याच्या आग्रहामुळे, हे ध्यानात घे.

याच एडने दुकानदारीण रूथ-ॲनला पंचाहत्तराव्या वाढदिवशी काय द्यावे? तिच्या स्वतःच्या कबरीसाठी डोंगरावरची मोक्याची जागा! आपल्याकडे असा आहेर घेऊन कोणी आले तर त्याला उंबऱ्यातूनच वाटेला लावतील. ती बाई मात्र हरखून जाते, आणि दोघेही त्या जमिनीवर नाचतात.

मालिकेतल्या गावाच्या बाह्यदृश्यांचे चित्रीकरण अलास्कात नव्हे, वॉशिंग्टन राज्यातील रॉस्लिन या जुन्या कोळसाखाणीच्या गावी झाले. शीर्षकदृश्यात ज्या रस्त्याने मूस जातीचे भलेमोठे हरीण सावकाश फिरते तो रस्ता तेथलाच. १८८६ साली वसलेल्या या गावात इटली, क्रोएशिया, पोलंड येथून खाणकामगार आले; १८८८ मध्ये संप मोडण्यासाठी कृष्णवर्णीय मजूर आणले गेले; १८९२ च्या स्फोटात ४५ जण दगावले. तेथील दफनभूमी आजही जमातवार, संघवार वाटलेली दिसते. खऱ्या गावाने मृतांनाही वेगवेगळ्या वाफ्यांत निजवले, आणि त्याच रस्त्यांवर रचलेल्या खोट्या गावाने सर्वांना एका गुत्त्यात शेजारी बसवले, हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. या शेजाराचा एक नमुना सांगतो: चौथ्या पर्वात जोएलचा काका वारतो. कद्दिश ही मृतासाठी म्हणावयाची प्रार्थना समुदायात म्हणण्यास दहा यहुदी हवेत, आणि पंचक्रोशीत यहुदी म्हणावा तर हा एकटाच! सारे गाव यहुदी हुडकण्याच्या मोहिमेवर निघते. काही जण सापडतातही, तथापि ऐन वेळी जोएलच्या मनात येते की या अनोळखी माणसांपेक्षा आपली माणसे जवळची. मग तो गावकऱ्यांसमोर प्रार्थना म्हणतो. दुसऱ्या दिवशी त्याचे कुरकुरणे पुन्हा सुरू होते, हे सांगणे नलगे.

दोष नाहीत असे नाही. ख्रिसची प्रवचने कधी कधी लांबतात, आणि आदिवासी पात्रांच्या ओठांवर शहाणपण जरा अधिकच तत्परतेने ठेवले जाते. सहाव्या पर्वात तर नायकाला नदीकाठच्या एका वस्तीत नेऊन जवळजवळ संन्यासीच केले आहे. ज्याने पाच वर्षे आपला स्वभाव जपला, त्याला नटाच्या निघून जाण्याची सोय म्हणून असे पालटावे, हे मला पटले नाही. त्याच्या जागी दुसरा डॉक्टर येतो, अखेर जोएल न्यूयॉर्कला परततो, आणि मालिका लवकरच आटोपते. तू पाचव्या पर्वापर्यंत पाहा. पुढचे पाहिले नाहीस तरी बिघडत नाही.

तुझ्या मुदतीबद्दल मी काही बोलणार नाही. बदलीचा अर्ज अवश्य कर. मात्र तुमच्या केंद्राचे फार्मासिस्ट आपल्या कोंबड्यांना पेशवाईतील सरदारांची नावे ठेवतात, एवढ्या एका ओळीत तू त्यांना निकालात काढले आहेस, ते मला मुळीच पुरेसे वाटले नाही. कोणत्या कोंबडीस कोणते नाव, आणि का, ते सविस्तर लिहावे.

कळावे,
तुझा
मामा