विद्यापीठाच्या पायथ्याशी भाड्याची खोली

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद. या शहरात विद्यापीठाच्या वाटेवर नागसेनवन लागते. परमपूज्य बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. तेव्हापासून मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील आपली मुले पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन या शहरात उतरू लागली.

पुढे डोंगराच्या कुशीत विद्यापीठ आहे. ते १९५८ साली स्थापन झाले. त्याला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने केला आणि मराठवाड्यात आपल्या लोकांची घरे जळाली. सोळा वर्षे लढा चालला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. दरवर्षी त्या दिवशी माणसे दूरदूरून येतात आणि विद्यापीठाच्या कमानीपुढे नतमस्तक होतात.

वाचकहो, ज्या नावासाठी घरे जळाली, त्या नावाच्या विद्यापीठात आपल्या मुलीला प्रवेश मिळतो. पण राहायला खोली मिळते का?

वसतिगृहाच्या जागा अपुऱ्या पडतात. यादीत नाव लागले नाही की मुले बेगमपुरा, पहाडसिंगपुरा या भागांत खोली शोधत फिरतात. मकाई दरवाजा ओलांडला की अरुंद गल्ल्या लागतात, पलीकडे बीबीचा मकबरा दिसतो, डोंगरात बुद्ध लेणी आहेत. दारांवर पाट्या लटकलेल्या असतात : ‘खोली भाड्याने देणे आहे, फक्त मुलींसाठी.’

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतील एका बांधकाम मजुराच्या मुलीला एम.कॉम.ला प्रवेश मिळाला. तिच्या वडिलांसोबत मीही खोली पाहायला गेलो. पहिल्या घरी खोली आवडली, भाडे ठरले, डिपॉझिट मोजायला वडिलांनी पाकीट काढले. मग घरमालकांनी विचारले, “पूर्ण नाव काय म्हणालात?” मुलीने आडनावासह सांगितले. ते आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, “खोली पाहुण्यांना देऊ केली आहे, विसरलोच होतो.” पाटी मात्र संध्याकाळपर्यंत दारावर तशीच होती.

वडील म्हणाले, “पुढच्या घरी आडनाव नको सांगू, बाई.” मुलगी म्हणाली, “अप्पा, लपवून राहिले तर रोज भीत राहावं लागेल. मी सांगणार.” तिसऱ्या घरी एका आजींनी आडनाव ऐकले आणि एवढेच विचारले, “सैपाक येतो का गं? गॅस नीट बंद करतेस ना?” तिघी मुली मिळून साडेचार हजारांत खोली ठरली.

१९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना शहरात राहायला घर मिळाले नाही. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. परदेशातून शिकून आलेल्या माणसाची ही गत होती. आपल्या मुलीला नाव बदलण्याची पाळी येऊ नये, ही जबाबदारी आपली सर्वांची आहे.

आता व्यवहाराचे बोलू. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. अकरा महिन्यांचा असला तरीही. नोंदणी करून देण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारला म्हणजे नोंदणी झाली नाही. करारात डिपॉझिटची रक्कम, ते कधी परत मिळेल, वीजबिल कसे मोजणार, खोली सोडताना किती दिवस आधी सांगायचे, हे सर्व लिहून घ्यावे. दरमहा भाड्याची पावती मागावी. पावती मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे.

वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शासनाची डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. त्यात जेवण, निवास व निर्वाह यांसाठी रक्कम बँक खात्यात जमा होते. गुणांची अट असते, म्हणून समाजकल्याण कार्यालयात आधी चौकशी करावी. अर्जाला राहण्याचा पुरावा लागतो, तेथेही करार कामी येतो. पण हप्ता घरमालकाच्या तारखेला येईलच असे नाही. म्हणून पहिल्या तीन-चार महिन्यांचे भाडे आणि डब्याचे पैसे घरून जुळवूनच मुलाला पाठवावे. मी स्वतः कारकून आहे. एका वहीत जमा आणि खर्च रोज लिहावा, एवढेच सांगेन. महिनाअखेर उपाशी राहण्यापेक्षा ते सोपे आहे.

शेवटी शहरातील समाजबांधवांना विनंती. आपल्यापैकी अनेकांनी नोकरी करून घर बांधले, वर एखादी खोली काढली. जूनमध्ये ती गावाकडच्या विद्यार्थ्यासाठी राखून ठेवा आणि भाडे वाजवी घ्या. प्रत्येक बुद्ध विहारात एक वही ठेवावी. त्यात मोकळ्या खोल्यांचे पत्ते, भाडे आणि घरमालकांचे नंबर त्यांना विचारून लिहावेत. आमच्या विहारात अशी वही गेल्या वर्षी सुरू झाली आहे. नव्याने आलेल्या मुलीला मग दहा दारे फिरावी लागत नाहीत.