मृतांच्या महिन्यातले हसू

नोव्हेंबर हा ख्रिस्तसभेत मृतांच्या स्मरणाचा महिना. दोन तारखेला कबरींवर मेणबत्त्या लागतात, झेंडूच्या पाकळ्या पसरतात. त्याच सुमारास आमच्या वऱ्हाडात कापूस फुटलेला असतो, तुरी फुलावर येत असतात, पहाटेच्या हवेत गारवा उतरतो आणि दिवाळी अंकांचे गठ्ठे घरोघर फिरू लागतात. अशा या दिवसांत हसावे की हसू नये, हा प्रश्न यंदा आमच्यासमोर उभा राहिला, आणि तोही आमच्या वयोवृद्ध मावशीमुळे.

मावसाजी ऑगस्टमध्ये देवाघरी गेले. दोन तारखेची प्रार्थना आटोपून आम्ही अमरावतीहून अकोल्याला मावशीकडे निघणार, तोच तिचा फोन आला, "येतानी मले हसाले एखादं पुस्तक आन बाप्पा. तीन महिने झाले, या घरात कोनी हसत नाही."

आम्ही कपाटापुढे उभे राहिलो. विनोदी पुस्तके आमच्याकडे पुष्कळ. पण नुकत्याच विधवा झालेल्या स्त्रीच्या हाती कोणते द्यावे? अखेर चारपाच पिशवीत टाकली आणि बडनेऱ्याला गाडीत बसलो. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत आमची छाती धडधडतच होती.

ती धडधड अनाठायी नव्हती. दारातच मावसभावाने पिशवीत डोकावून पाहिले आणि हलक्या आवाजात म्हटले, "दादा, हा मृतांचा महिना आहे. लोक काय म्हणतील?" तो धर्मग्रामात मान असलेला, गंभीर स्वभावाचा. आतून मावशीचा आवाज आला, "काहून रे, मानूस मेल्यावर हसाले बंदी हाये का?"

मग दुपारच्या चहाबरोबर पुस्तके बाहेर निघाली. पहिले पुस्तक आमच्या मातीतले होते. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे मराठी विनोदाचे आद्य आचार्य. पेशाने वकील, आणि वकिली केली ती आमच्या वऱ्हाडात, जळगाव-जामोद आणि खामगाव येथे. त्यांचे 'सुदाम्याचे पोहे' १९१० साली पुस्तकरूपाने आले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही त्रयी रूढींचे समर्थन इतक्या निष्ठेने करते की शेवटी रूढीच हास्यास्पद ठरते. भाषा जुनी आहे, एका बैठकीत चार पानांवर जाऊ नये. पण मोठ्याने वाचले की त्यातली वाक्ये अजूनही चरचरतात. कोल्हटकरांचे शिष्योत्तम राम गणेश गडकरी यांनी 'बाळकराम' या नावाने लिहिलेले विनोदी लेखही आम्ही सोबत नेले होते. मराठीला इतके हसवणारा हा लेखक १९१९ साली सावनेरला वारला, तेव्हा त्याचे वय अवघे ३३ वर्षांचे होते. हे ऐकून मावशी म्हणाली, "म्हंजे दुःख त्यालेही ठाऊक होतं."

तेच खरे सूत्र असावे. सांगणारा दुःखाच्या कोणत्या बाजूला उभा आहे, हे आधी पाहावे. दुसऱ्याच्या आपत्तीवर दुरून हसणे ही कुचेष्टा. आपत्तीच्या आत उभे राहून हसणे याला मात्र काळा विनोद म्हणावे, आणि त्यात पाप नाही.

आमच्या वऱ्हाडाला हे शिकवण्याची गरज नाही. शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा अक्षरशत्रू. पण कीर्तनात श्रोत्यांनाच साधेसुधे प्रश्न विचारीत आणि ज्या कर्जाने, ज्या नवसांनी माणूस नागवला जातो, त्यांवर त्याच माणसाला हसायला लावीत. पुढे तोच धागा डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांनी उचलला. त्यांच्या 'मिर्झा एक्सप्रेस'ने गावोगावच्या शेतकऱ्यांना त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत हसवले. २०२४ साली ते गेले. त्यांची ध्वनिमुद्रणे अजून ऐकायला मिळतात, ती घरातल्या मुलांना अवश्य ऐकवावीत. बोली जिवंत आहे हे त्यांना कळेल.

चित्रपटांत आम्ही सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (२००९) सुचवला. विदर्भातल्या शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर एक स्त्री आपल्या नवऱ्याच्या काळजीने व्याकूळ होते आणि लहानग्या मुलाला त्याच्या पाठीवर पाळतीसाठी धाडते. प्रसंग हसू आणणारे आहेत आणि हसता हसता घसा दाटतो. ज्या भागात ही वेदना उंबऱ्यापर्यंत आलेली आहे, तिथे हा चित्रपट एकट्याने पाहू नये. घरच्यांनी मिळून पाहावा आणि नंतर बोलावे. गप्प झालेल्या माणसाशी बोलायला असे निमित्त उपयोगी पडते.

दुसरा कुंदन शहांचा 'जाने भी दो यारो' (१९८३). त्यात कमिशनर डिमेलो यांची शवपेटी चाकांवर रस्त्याने धावत सुटते आणि त्यांचे प्रेत शेवटी महाभारताच्या रंगमंचावर द्रौपदी होऊन उभे राहते. डिमेलोंची भूमिका करणारे सतीश शहा २०२५च्या ऑक्टोबरात वारले. मावसभावाने हा चित्रपट पाहिलेला होता. तो म्हणाला, "पण दादा, त्यात आपल्या पेटीची थट्टा आहे." आम्ही म्हटले, "थट्टा पेटीची नाही. मेलेल्या माणसाचाही धंदा करणाऱ्यांची आहे."

शेवटी आम्ही भीत भीत सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' (१९७४) काढले. भाऊराव मेले आहेत. पण कीर्तनकाराच्या थाटात ते स्वतःच्याच मरणाची कथा सांगतात आणि आपल्याला जुन्याच स्मशानात जाळावे म्हणून हटून बसतात. हे नाटक लहान मुलांसाठी नाही. पण सांत्वनाला येणाऱ्यांची पोकळ वाक्ये ज्याने ऐकली आहेत, त्याला ते आपले वाटेल. मावसभाऊ अस्वस्थ झाला. तेव्हा आम्ही त्याला आपल्या संतांची आठवण दिली. इ.स. २५८ मध्ये रोममध्ये संत लॉरेन्स निखाऱ्यांवर भाजले जात असता, एक बाजू झाली, आता परता, असे म्हणाल्याची परंपरा आहे. आणि ख्रिस्तसभेने त्यांना स्वयंपाक्यांचा आश्रयदाता संत केले! संत थॉमस मोर १५३५ साली वधस्तंभाची डळमळीत शिडी चढताना अधिकाऱ्याला म्हणाले, वर जायला हात द्या, खाली येण्याचे माझे मी पाहीन. पुनरुत्थानावर श्रद्धा असलेला माणूस मरणाला इतपत चिडवू शकतो.

मावसभाऊ काही बोलला नाही. उठून आत गेला आणि एक जाडजूड हिशेबाची वही घेऊन आला. मावसाजी आयुष्यभर हिशेब लिहीत. त्यांचा विनोदही आम्हाला परिचित होता. लहानपणी दिवाळीत 'आवाज' अंक आला की त्यातली खिडकीचित्रे ते आधी स्वतः तपासत आणि मुलांना दाखवू नयेत अशा खिडक्या खळीने चिकटवून टाकत. आम्ही त्या दिव्यासमोर धरून पाहत असू. त्यांना ते ठाऊक असे.

वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी स्वतःच्या अंत्यविधीचा खर्च मांडून ठेवला होता. मावसभावाला ते पान अंत्यविधीनंतर सापडले होते आणि अनादर वाटून त्याने ते आईपासून लपवले होते. आता त्याने ते थरथरत्या आवाजात वाचले, "पेटी साधी असावी. पितळी कड्या नकोत. मी धरणार नाही. भाषणे दोनच. तिसरे झाल्यास मी उठून जाईन."

क्षणभर कुणी श्वास घेतला नाही. मग मावशी म्हणाली, "अन् भाषनं तं चार झाली रे!" आणि ती हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत हसली. मावसभाऊ आधी हसला आणि मग, तीन महिन्यांत प्रथमच, आईच्या मांडीवर डोके ठेवून रडला.

संध्याकाळच्या गाडीला तो आम्हाला पोहोचवायला आला. फलाटावर पिशवी हाती देताना ती हलकी लागली. आम्ही पाहिले तर 'महानिर्वाण' नव्हते. तो दुसरीकडे पाहत म्हणाला, "आई म्हणते, नाताळपर्यंत राहू दे."