गुरुजींना भोपळा!

मुलांनो, पेपरात भोपळा मिळाला की घरी काय काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. पण समजा, एखाद्याने भर वर्गात 'मला तेवीस भोपळे मिळणार' अशी फुशारकी मारली आणि त्याला एकसुद्धा भोपळा मिळाला नाही, तर? हसू नका. तो फुशारकी मारणारा मीच. आणि मी कोण? प्राथमिक शाळेतला शिक्षक. डी.एड. झालेला, दरवर्षी फळ्यावर फुलाची आकृती काढून पाकळ्या, देठ, पुंकेसर सगळं समजावून सांगणारा!

झालं काय, ते पहिल्यापासून सांगतो.

मी राहतो पूर्णगडला. रत्नागिरीहून पावसला यायचं आणि तिथून आणखी थोडं पुढे. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते ना, तिथेच आमचं गाव. टेकडीवर छोटासा किल्ला आहे. तटावर उभं राहिलं की एका बाजूला खाडी, पलीकडे गावखडी आणि समोर नुसता समुद्र. पण मी मूळचा इथला नव्हे, घाटावरचा. सातारा जिल्ह्यातला माण तालुका, दुष्काळी म्हणून ज्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल, तो माझा. नोकरी लागली ती कोकणात, आणि इथलाच झालो.

२०२४ च्या मे महिन्यात माझी आई इथे राहायला आली. आदल्या वर्षी बाबा गेले. गावच्या घराला कुलूप लागलं. आई आली ती एक ट्रंक आणि एक गाठोडं घेऊन. आल्यापासून पडवीत बसायची आणि समोरच्या माडांकडे बघत राहायची. जेवायला बोलावलं की जेवायची, विचारलं तर बोलायची. एक दिवस म्हणाली, "गणपती झालं की मला येष्टीत बसवून दे. माझं परडं वाळून गेलं आसंल."

परडं म्हणजे घरामागची जागा. इथे त्याला परसू म्हणतात. गावी आईच्या परड्यात काय नसायचं! भांडी घासलेल्या पाण्यावर तिने भेंड्या, वांगी, घेवडा वाढवलेला मी पाहिला आहे. पाहिला आहे म्हणजे खाल्ला आहे. पिकवायला कधी हात लावला नाही.

आता गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी असते, हे तुम्हाला माहीत असेलच. त्या दिवशी ऋषीची भाजी करतात. तिची गंमत अशी, की बैलाच्या कष्टाचं त्यात काही चालत नाही. नांगर न लावता, माणसाने आपल्या हाताने खणून पिकवलेल्याच भाज्या घ्यायच्या. आई हे अगदी कसोशीने पाळते. तिला चिंता पडली, "हितल्या बाजारातली भाजी बैलाची का बिनबैलाची, कसं वळखायचं?"

मी एकदम बोलून गेलो, "आई, यंदा ऋषीची भाजी आपल्या परसातली!"

आईने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू? तुला मेथी आन् कोथिंबीर वळखाया येत न्हाई."

बायको आत फिसकन हसली. मग मात्र मी पेटलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात टिकाव आणला, पहार आणली. पहिला घाव घातला आणि टण्ण! हाताला झिणझिण्या आल्या. इथे वीतभर लाल माती, खाली जांभा दगड. चार दिवस खणून मी अंगणाएवढा तुकडा तयार केला. मग लहानपणी पाहिलेलं आठवून चारी बाजूंनी बांध घातले आणि मध्ये खोलगट वाफे केले. कडा अगदी पट्टीने आखल्यासारख्या सरळ! त्यात भेंडी, दोडका, पडवळ, भोपळा, लाल माठ सगळं पेरलं आणि हात झटकून आईला म्हणालो, "बघ!"

ती म्हणाली, "बघते की."

आणि पाऊस आला. मुलांनो, रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. माझे सुबक वाफे दोन तासांत काठोकाठ भरले. दुसऱ्या दिवशी त्यात बेडूक पोहत होते. शेजारच्या काकू गडग्यावरून डोकावल्या आणि अगदी काळजीने म्हणाल्या, "गुरुजी, भात लावताय की काय?"

आठ दिवसांत सगळं बी कुजलं. लाल माठाचं बी राईपेक्षाही बारीक. ते तर वाहून बहुधा खाडीला पोचलं असेल.

आमच्या वर्गात, चौथीत, एक मुलगा होता. नाव सांगत नाही, त्याने हे वाचलं तर रागावेल. सातच्या पाढ्यात तो दर वेळी 'साती साते'ला अडकायचा आणि मी दर वेळी त्याला उभा करायचो. तो वह्या पोचवायला घरी आला. माझं तळं बघून त्याला हसू आवरेना. मी डोळे वटारले. तसा म्हणाला, "गुरुजी, तुम्ही पाणी अडवलात. हितं पाणी घालवायचा असतो!"

किती सोपी गोष्ट! माणात पाऊस कमी, म्हणून पाणी वाफ्यात थांबवायचं. कोकणात पाऊस उदंड, म्हणून मातीचे ढीग करायचे आणि झाड ढिगावर चढवून बसवायचं, म्हणजे मुळं बुडत नाहीत. मी घाटावरची रीत उचलून समुद्रकाठी आणली होती. त्या पोराने दप्तर पडवीत टाकलं, कुदळ घेतली आणि अर्ध्या तासात दोन ढीग करून दाखवले. काकूंनी वेलांची रोपं दिली, भेंडी आणि माठ मी पुन्हा पेरला. हा झाला जूनचा शेवटचा आठवडा. आई पडवीतून सगळं बघत होती. बोलली मात्र काही नाही.

रोपांना चार पानं आली आणि रात्री गोगलगायी आल्या. मी बॅटरी घेऊन, डोक्यावर इरलं घेऊन त्यांना वेचायचो आणि माझी पहिलीतली मुलगी मोठ्याने मोजायची. एका रात्री ती चाळीसपर्यंत न चुकता गेली. (तिच्या गणितासाठी गोगलगायींचे आभार.)

मग खताचा प्रकार झाला. तो सांगावा की नाही असं वाटतं, पण सांगतो. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. माशांची अंडी-पिल्लं वाढायचे ते दिवस. त्यामुळे त्या पोराचे वडील घरीच होते. त्यांनी माझी बाग पाहिली आणि प्रेमाने एक घमेलंभर सुक्या मासळीचा चुरा पाठवून दिला. मासळीचं खत माडाला घालतात, भाजीलाही उत्तम. मी ते ढिगांवर भुरभुरलं, वर चिमूटभर माती टाकली.

मुलांनो, आमच्या वाडीत इतकी मांजरं आहेत, हे मला त्या रात्री कळलं. सकाळी कावळे आले. मग कुत्रे आले. अर्धी रोपं उपटून पडली. आणि वास! आता माझी आई माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, दर एकादशीला उपास. ती नाकाला पदर लावून घरभर फिरली आणि शेवटी विचारलंच, "ह्यात पिकलेली भाजी ऋषीला चालंल का रं?"

माझ्या पोटात गोळा आला. सगळी खटपट ज्यासाठी, तीच बाद! आई बराच वेळ विचार करत बसली. मग म्हणाली, "जिमिनीनं खाल्लं, आपुन न्हाई. आन् जिमिनीला कसली आलीय माळ!" निकाल लागला. तेवढ्यात मुलीने पुढचा प्रश्न टाकला, "आजी, बैल चालत नाही, मग पॉवर टिलर चालतो का?" त्याचा निकाल अजून लागायचा आहे.

खत खोल पुरायचं असतं, हेही मला चौथीच्या वर्गानेच शिकवलं.

ऑगस्टमध्ये भोपळ्याचा वेल कुंपणावर चढला आणि फुलला. पिवळीधमक, हाताच्या पंजाएवढी फुलं! मी मोजली. तेवीस. त्याच दिवशी वर्गात जाहीर केलं, की गुरुजींकडे तेवीस भोपळे होणार, प्रत्येकाच्या घरी एकेक पाठवीन. पटावर मुलं एकवीस. दोन मी माझ्यासाठी ठेवले होते.

दुपारपर्यंत फुलं मिटली. एक-दोन दिवसांत टपाटप गळाली. एकसुद्धा राहिलं नाही. मी शाळेत गेलो तर साती सातेवाला उभा राहून म्हणतो, "गुरुजी, भोपळा मिळाला?" सगळा वर्ग खो खो हसला. मग त्यानेच समजावलं, "ते सगळे नर हाईत गुरुजी. नराला भोपळा धरत नाय. मादीच्या फुलाखाली बारकासा गोळा असतो, तो बघा."

मी घरी आलो आणि परिसर अभ्यास प्रत्यक्षात वाचला. खरंच! भोपळ्याच्या एकाच वेलावर दोन तऱ्हेची फुलं येतात. आधी येतात ती लांब, बारीक देठाची नरफुलं. मादीफुलं मागाहून. ती पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, तेवढ्या वेळात मधमाशीने नराचे परागकण आणून पोचवले तरच भोपळा धरतो. आणि आमच्याकडे तर पावसाची झड लागलेली. भिजत भिजत कोणती मधमाशी येणार?

मग मधमाशीचं काम मी घेतलं. पहाटे उठायचं, नरफूल तोडायचं, पाकळ्या काढून टाकायच्या आणि आतला परागाचा दांडा मादीफुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवायचा. सोपं आहे. पण वरून पाऊस कोसळत असेल तर पराग भिजून वाया जातो. एका हातात नर, दुसऱ्या हाताने मादीफूल सावरायचं, मग छत्री कोणी धरायची? मी छत्रीची दांडी मान आणि खांदा यांच्यामध्ये दाबून वाकलो, तो छत्री उलटी होऊन वेलावर आणि मी ढिगावर.

"आरं, सरक तिकडं!"

मागे आई उभी होती. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात माझी छत्री. मे महिन्यापासून ती परसात पहिल्यांदाच उतरली होती. "ही धर. कर कुठं काय करायचं ते." पहिलं फूल मी केलं. दुसऱ्याला तिने माझ्या हातातून नरफूल काढून घेतलं. "मास्तरासारखा घासू नगंस. खडू न्हाई त्यो."

त्यानंतर रोज पहाटे आम्ही दोघं. एकूण पाच मादीफुलं आली. त्यांतली दोन धरली. तीन का गळाली, त्यावर आईचं आणि काकूंचं गडग्याच्या अल्याड-पल्याड रोज बोलणं व्हायचं. आईची भाषा काकूंना निम्मी कळायची, काकूंची आईला निम्मी. तरी दोघींचं एक-एक तास चालायचं.

पडवळाचं राहिलंच. पडवळ वाकडं होऊ नये म्हणून त्याच्या टोकाला छोटासा दगड बांधतात. हे कळल्यावर मी माझ्या हिशेबाने चांगला मोठा दगड निवडला. पडवळ सरळ झालं, अगदी ओळंब्यासारखं, आणि रात्रीत तुटून खाली पडलं. आईने तो दगड उचलून माझ्यापुढे टेबलावर ठेवला. काही बोलली नाही. दुसऱ्या पडवळाला तिने सुपारीएवढा खडा बांधला.

दोन भोपळ्यांतला एक माकडांनी नेला. नेला म्हणजे अर्धा खाल्ला आणि अर्धा माझ्या स्कूटरच्या सीटवर ठेवला.

८ सप्टेंबर २०२४, रविवार. ऋषिपंचमी. सकाळी आईने सूप घेऊन परसातून फेरी मारली. लाल माठाची एक जुडी. भेंड्या सात; त्यांतल्या तीन जून झालेल्या, कारण दोन दिवस तोडायच्या राहिल्या होत्या. एक पडवळ. दोडकी दोन. मोरीच्या पाण्यावर आपोआप आलेलं अळू. आणि एक भोपळा, कोवळा, हिरवा, नारळाएवढा. पातेल्याच्या मानाने हे फारच थोडं. मी ओशाळून उभा होतो. तेवढ्यात काकू तवसं आणि सुरण घेऊन आल्या. त्यांच्या मागे तो साती सातेवाला, चवळीच्या शेंगा आणि दोन कणसं घेऊन. "आयशीन दिलान. बैल नाय लावलेला," त्याने आधीच सांगून टाकलं.

तेल नाही, फोडणी नाही. वरून ओलं खोबरं. आईने पहिला घास घेतला आणि डोळे मिटून चावत राहिली. मी विचारलं, "गावच्यासारखी झालीय का?"

"न्हाई," ती म्हणाली. "खोबरं लई हाय." आणि पातेल्यातली आणखी एक पळी वाढून घेतली.

गौरी-गणपती गेले. मी एसटीचं विचारायला म्हणून चप्पल घालत होतो. आई परसात भोपळ्याचं बी राखेत घोळवून फडक्यात बांधत होती. तिथूनच तिने काकूंना हाक मारली, "आवं, भात कापल्यावर हिकडं वाल कदी लावत्यात?" मी चप्पल काढून ठेवली.

सध्या परसात मला फक्त पाणी घालायची परवानगी आहे. तेही विचारून.