वीदे सानेचं सपाट पाणी

वीदे सानेला पश्चिमेचा वारा सुटला की पाणी दोन तऱ्हेचं होतं. डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे मासेमारीचं बंदर वाळूच्या एका लांब, चिंचोळ्या पट्टीवर वसलंय. एका अंगाला उत्तर समुद्र, दुसऱ्या अंगाला रिंगकोबिंग फियोर्ड, मध्ये वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्यावरचं राठ गवत. समुद्राकडे लाटा एकीवर एक कोसळत असतात. रस्ता ओलांडून पलीकडे गेलं की वारा तोच, पण काठाजवळचं पाणी जवळजवळ सपाट. त्या पाण्यावर मी विंगफॉइल शिकले.

फियोर्ड म्हटलं की नॉर्वेचे उंच कडे आठवतात. इथे कडा औषधालाही नाही. सुमारे ३०० चौरस किलोमीटरचं हे उथळ पाणी, सरासरी खोली दोन मीटरच्या आसपास. समुद्राशी त्याची गाठ पडते ती वीदे सानेच्या पाणी अडवणाऱ्या दरवाज्यांतून. १९३१ सालापासून हे दरवाजे उघडून, मिटून फियोर्डची पातळी आणि खारटपणा राखला जातो.

विंगफॉइलच्या खेळात हवा भरलेला पंख हातात धरायचा असतो, तो बोर्डाला जोडलेला नसतो. बोर्डाखाली एक दांडा आणि दांड्याच्या टोकाला विमानासारखे दोन छोटे पंख, पुढचा मोठा, मागचा लहान. हे फॉइल. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असल्यामुळे एवढासा पंखही थोड्या वेगात अख्ख्या माणसाला उचलतो. हे आधी वाचलं होतं, पण वाचून विश्वास बसला नव्हता.

गुडघाभर पाण्यात फॉइल तळाला टेकतं. म्हणून बोर्ड आडवा धरून कमरेच्या वर पाणी येईपर्यंत चालत जायचं. तिथे ते लवकर येतच नाही. मी चालत राहिले, वाळू पायाखाली घट्ट होती, आणि त्या चालण्यातच माझी भीती ओसरली. मी काही पट्टीची पोहणारी नाही. पडले तरी पाय टेकतील, ही खात्री मला फार मोलाची वाटली, कारण या विद्येत पडणं हाच अर्धा अभ्यास आहे. गुडघ्यांवर बसून पंख सावरायचा, वारा भरला की एक पाय पुढे टाकून उठायचं, पडायचं, पुन्हा बोर्डावर चढायचं. चाळिशी उलटलेल्या बाईला हे जमतं, मी करून पाहिलंय.

शिकवणारी तरुण मुलगी त्याच गावची होती. तिने आधी वाळूत रेघा ओढून दाखवलं, की पश्चिमेचा वारा पट्टीवरून फियोर्डात वाहतो, म्हणजे तो तुला किनाऱ्यापासून दूरच नेणार. परत यायला शिकल्याशिवाय लांब जायचं नाही. या सपाट पाण्याचा धोका हाच आहे. लाटा दिसत नाहीत म्हणून माणूस बिनघोर होतो.

उभी राहायला लागले तरी बोर्ड उचलेना. माझी नजर सारखी पायांकडे जायची. ती म्हणाली, "पायांकडे नको, दीपगृहाकडे बघ." उत्तरेला ल्युंगवीचं पांढरं दीपगृह आहे, १९०६ सालचं, ३८ मीटर उंच. वारा डाव्या हाताला ठेवून मी त्याच्याकडे बघत निघाले. बोर्डाला खालून पाण्याच्या थपडा बसत होत्या, त्या एकाएकी थांबल्या. मी पाण्याच्या वर होते! ओझं किंचित मागे गेलं, फॉइल पृष्ठभागाबाहेर आलं, त्याचा आधार सुटला आणि मी पाण्यात. पण तो क्षण मिळाला होता. पुढच्या दिवसांत तो लांबत गेला. पुढच्या पायावर भार दिला की बोर्ड खाली येतो, मागे रेललं की वर जातो, हे पायांना आपोआप कळू लागलं.

समुद्राच्या बाजूच्या लाटांवर तरंगत जाणारे लोक पाहून मन तिकडे ओढ घेतं. तरी नवख्याने फियोर्डच धरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. डेन्मार्कमध्ये राहत असाल किंवा उन्हाळ्यात येणार असाल, आणि पोहता येत असेल, तर जरूर शिका. शिक्षक सोबत घ्या, हेल्मेट आणि तरंगणारं जाकीट घाला. आणि वारा किनाऱ्यावरून पाण्याकडे वाहत असेल त्या दिवशी एकटे पाण्यात उतरू नका.