आमच्या दारांना कुलूप नव्हतं

लाईटबिलावर मीटरच्या स्थितीचा एक बारीक रकाना असतो. रक्कम बघून कपाळाला हात लावणारा माणूस त्या रकान्यापर्यंत पोचतच नाही. वडूजच्या आमच्या वस्तीतल्या सात घरांच्या बिलांवर सलग तीन महिने तिथं ‘लॉक्ड’ छापून आलं. म्हणजे घर बंद. रीडिंगवाला आला, कुलूप बघून परत गेला.

कुठलं कुलूप? निम्म्या दारांना कडीसुद्धा धड नाही. मीटर तर बाहेरच्या भिंतीला. पलीकडची आत्या दिवसभर उंबऱ्यात बसून असते आणि तिच्या डोक्यावर दीड हातावर मीटर. तिला विचारलं, “आत्या, कोण आलतं का मीटरचा फोटू काढायला?”

“पोरगं येतंय की फटफटीवरनं. रस्त्यावरच थांबतंय, फोनात कायतरी दाबतंय न् जातंय. आत यायला भ्याव वाटतंय का इटाळ वाटतोय, त्याचं त्याला ठावं.”

पोरगं कंत्राटदाराचं, हे मला माहीत आहे. त्याला जास्तीत जास्त मीटर उरकायचे असतात आणि आमची गल्ली चिखलाची. पण पावसाळ्यात चिखल गावातल्या आळीतही होतो. तिथल्या ओळखीच्या घरांची बिलं मागून आणली आणि आमच्या बिलांशेजारी मांडली. त्यांच्यावर चारी महिने रीडिंग पडलेलं. विटाळ म्हणा नाहीतर आळस म्हणा, कुलूप आमच्याच दारांना लागलं.

आता हिशेब बघा, दोस्तहो. हा प्रत्येकानं स्वतः करून बघावा असा आहे. घरगुती विजेची पहिली 100 युनिटं स्वस्त, 101 पासून 300 पर्यंत दर एकदम चढतो. आत्याचं घर महिन्याला 75 युनिटं जाळतं. चार महिन्यांची झाली 300. ती चार महिन्यांत वाटली तर एकही युनिट शंभराच्या वर जात नाही. एकाच महिन्यात जाळली असं धरलं तर 200 युनिटं चढ्या दरात जातात. मीटरचा आकडा तोच, वीज तीच. मधे फक्त मागच्या रीडिंगची तारीख पुसली. चौथ्या महिन्यात आत्याचं बिल असंच आलं, आणि आधी सरासरीनं भरलेले पैसेही वजा नव्हते. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये राज्यभर रीडिंग थांबलं आणि जूनमध्ये एकदम थोरली बिलं आली, तेव्हा सगळा महाराष्ट्र ओरडला होता. आमच्या वस्तीला लॉकडाऊन लागत नाही, तो असतोच.

त्यात बिल हातात पडलं देय तारीख उलटून तीन दिवसांनी. उशिराबद्दल सव्वा टक्का वर. कागद वेळेवर न पोचणं ही आपली जुनी गोष्ट. 1901 साली लहानगे बाबासाहेब भावाभाच्यांबरोबर मसूर स्टेशनात उतरले, ते याच खटाव तालुक्यातल्या गोरेगावला वडिलांकडे जायला. न्यायला कुणी आलं नव्हतं. पत्र पोचलं होतं, पण नोकरानं ते वडिलांच्या हातात दिलंच नव्हतं. त्या विसरण्यापायी पोरांनी रात्र बिनपाण्याची काढली.

वीज ऑफिसात गेलो. माझ्यापुढं एक बागायतदार होते, त्यांना “या बापू, बसा.” आत्याला “काय गं म्हातारे?” आणि मला, “आधी भर, मग तक्रार कर.” मी वीज कायदा 2003 चं कलम 56 लिहूनच नेलं होतं. लाईट तोडायच्या आधी 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस लागते. आणि बिलाबद्दल वाद असेल तर हरकत नोंदवून मागितलेली रक्कम किंवा गेल्या सहा महिन्यांच्या सरासरीची रक्कम, यातली जी कमी ती भरली की वाद मिटेपर्यंत लाईट तोडता येत नाही. साहेब म्हणाले, “कायदा शिकवतोस व्हय?” शिकवतो. अर्ज घेतला, पण पोच द्यायला हात उचलेना. तारखेचा आवक शिक्का मिळेपर्यंत आम्ही सातजण खिडकीसमोरून हाललो नाही. दीड तास गेला. आत्यानं तिथंच शेंगा सोलल्या.

बाबासाहेब विजेच्या खात्याचेही मंत्री होते, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. वडूजला 1942 साल तोंडपाठ आहे, 9 सप्टेंबरच्या मोर्चावरच्या गोळीबारामुळं. त्याच साली बाबासाहेब व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले आणि वीज त्या खात्याखाली होती. 25 ऑक्टोबर 1943 ला वीज धोरणाच्या समितीपुढं अध्यक्ष म्हणून त्यांनी मांडलं की स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय कारखानदारी नाही, आणि कारखानदारीशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही. जयंतीला डीजेसाठी आकडा टाकणाऱ्या आमच्या पोरांना मी हे भाषण वाचायला देतो. काहीजण वाचतात.

सातांपैकी पाच बिलं दुरुस्त झाली. दोन घरांचं अडलं आहे, कारण त्यांच्यावर जुनी थकबाकी चढलेली आहे, तीही अशाच बंद घराच्या रीडिंगची. त्यातल्या एकाचा पोरगा वेगळा निघाला. 2021 साली 14 एप्रिल ते 6 डिसेंबर या काळासाठी अनुसूचित जातीजमातींना 500 रुपये अनामतीवर, तीही पाच हप्त्यांत, वीजजोड देणारी योजना आली होती. नाव बाबासाहेबांचं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना. अट, थकबाकी नसावी. पोरगा परत आला. त्यानं बापाच्या घरातनं वायर ओढली आहे.

कलम 56 च्या दुसऱ्या भागात असंही आहे की दोन वर्षांपलीकडची बाकी बिलात सतत दाखवलेली नसेल तर ती वसूल करता येत नाही. पण दाखवली होती का नव्हती, हे जुन्या बिलांवरनं कळणार, आणि जुनी बिलं चुलीत गेली. म्हणून वीज ऑफिसाकडं खातेउतारा मागितला आहे.

आता वस्तीत दर एक तारखेला मीटरखाली भिंतीवर कोळशानं आकडा लिहितात. आत्याला लिहिता येत नाही. ती मीटरमधला आकडा बघून बघून तसाच काढते. तिचा चार उलटा येतो, पण वाचता येतो. त्या दोन घरांचा खातेउतारा अजून मिळालेला नाही.