खालांचा ‘मी’

आम्ही दोघी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एकाच मोहल्ल्यातल्या, नात्याने मावसबहिणी. ज्यांचे पुरुष नोकरीसाठी आखाती देशांत गेले, अशा बायकांच्या कहाण्या टिपायचं आम्ही ठरवलं. मोबाइलवर रेकॉर्ड केलं की झालं काम, अशी आमची समजूत!

पहिली मुलाखत खालांची. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या तेव्हा खालू तिथेच होते. लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणलं गेलं, त्यांत तेही आले. मधल्या काळात खालांकडे ना पत्र, ना फोन.

मुलाखत आम्ही शब्दन्‌शब्द उतरवली. मग विषयवार रंग दिले. हालअपेष्टांना लाल, कर्जाला निळा, सासरला हिरवा. सगळी पानं लालच दिसू लागली. आम्ही निष्कर्ष लिहिला : ‘असहाय, परावलंबी स्त्री.’ आमच्या मार्गदर्शक बाईंनी एवढंच विचारलं, “हे शब्द खालांचे की तुमचे?”

आम्ही खजील झालो. मुसलमान बाई म्हणजे बिचारी, असं इतरांनी लिहिलं की आम्हाला राग येतो. आम्ही वेगळं काय केलं होतं?

बाईंनी दोन गोष्टी शिकवल्या. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लॅबोव्ह यांनी १९७२ मध्ये कथनाचे सहा भाग मांडले : सारांश, पार्श्वभूमी, घडलेला पेच, मूल्यमापन, शेवट आणि समारोप. यातलं मूल्यमापन महत्त्वाचं. सांगणारी व्यक्ती मधेच थांबून, ही गोष्ट आपण का सांगतो आहोत, हे तिथे सुचवते. आम्ही पुन्हा वाचलं. प्रत्येक अडचणीनंतर खाला म्हणत होत्या, “पण पोरांची शाळा एक दिवस चुकली नाही.” या वाक्याला आम्ही कुठलाच रंग दिला नव्हता!

दुसरी रीत कॅरल गिलिगन यांची. एकच मुलाखत अनेकदा ऐकायची, दर वेळी वेगळ्या गोष्टीसाठी. एकदा फक्त ‘मी’ची वाक्यं वेगळी काढायची. इंग्रजीत ‘मी’ बहुधा उच्चारावाच लागतो. मराठीत ‘रडले नाही’ म्हटलं की ‘मी’ त्यातच आला. म्हणून संगणकावर शब्द शोधून भागत नाही, कान द्यावा लागतो. खाला घराविषयी बोलताना सतत ‘आम्ही’ म्हणत होत्या. ‘मी’ आला तो इथे : “बांगड्या मी विकल्या. कुणाला विचारलं नाही. रडले नाही.”

हा उतारा आम्ही खालांना वाचून दाखवला आणि छापू का, असं विचारलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ते होते तोवर हे त्यांना सांगितलं नाही. आता लिहा, पोरींनो.”

‘असहाय’ हा शब्द आम्ही खोडला. आता तीनदा ऐकल्याशिवाय आम्ही रंगांना हात लावत नाही.